समुपदेशक नेमला, पुढे काय? किशोरवयीनांच्या आरोग्यात ‘टीम चालवणं’ म्हणजे नेमकं काय शिकायचं असतं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्यातलं एक तत्त्व सगळ्यांच्या लक्षात राहिलं: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं, असंही त्यात आहे, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही.

समजा, संस्थेने समुपदेशक नेमला. पहिल्याच आठवड्यात दहावीची एक मुलगी त्याच्यासमोर येऊन बसते. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून वर्गशिक्षिकेने पाठवलेली. बोलता बोलता कळतं की झोप लागत नाही, डबा तसाच घरी जातो, सात महिन्यांत वजन ५० किलोवरून ३८ वर आलंय, चार महिने पाळी नाही. हे काम नक्की कोणाचं?

चार खिडक्या, एक मुलगी

आपल्याकडे अशी मुलगी ज्या वाटेने जाते ती ओळखीची आहे. पाळी नाही म्हणून आई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेते. तिथे पाळी आणण्याच्या गोळ्या मिळतात, रक्तस्राव होतो, घर निश्चिंत होतं. खरं तर शरीराला इंधन पुरत नाही म्हणून मेंदूनेच पाळी थांबवलेली असते. गोळ्यांनी आलेला रक्तस्राव ही फक्त गोळी बंद केल्याची खूण असते. उपासमारीने होणारी हाडांची झीज त्याने थांबत नाही. मग अशक्तपणासाठी फिजिशियन. रक्ताचे रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मल येतात, कारण उपासमारीच्या या आजारात ते बराच काळ नॉर्मलच राहतात. मग आहारतज्ज्ञाचा छापील तक्ता. शेवटी कोणीतरी मानसोपचार सुचवतं आणि घरात ‘आमची मुलगी वेडी आहे का?’ यावर आठवडाभर वाद होतो.

यात एकही डॉक्टर अडाणी नाही. प्रत्येकाने आपल्या खिडकीतून जे दिसलं त्याला उत्तर दिलं. पण मुलीचा आजार (भूक मारणारा हा विकार, अ‍ॅनोरेक्सिया) चारही खिडक्यांच्या मधल्या भिंतीत राहून गेला.

दहा ते एकोणीस या वयात असं वारंवार होतं. जागतिक आरोग्य संघटना याच वयाला किशोरवय म्हणते. बालरोगतज्ज्ञाला मूल मोठं वाटतं, मोठ्यांच्या डॉक्टरला लहान. शरीर, मन, अभ्यास, मित्र, घर, कायदा हे सगळं एकाच वेळी हलत असतं. मधुमेह असलेला पन्नाशीचा माणूस इन्सुलिन टाळतो आणि सोळा वर्षांचा मुलगा टाळतो, यांची कारणंच वेगळी. मुलाचं कारण बहुधा कॉलेजच्या कँटीनमध्ये सापडतं, प्रयोगशाळेच्या रिपोर्टात नाही.

फाईल फिरवणं आणि एका टेबलाशी बसणं

इथे एक शब्द समजून घेऊ: आंतरविद्याशाखीय. उच्चारायला जड आहे, म्हणून एकदाच वापरते. वेगवेगळ्या विषयांची माणसं एकाच रुग्णासाठी एकत्र बसून एकच योजना आखतात, आणि एकमेकांचं बोलणं ऐकून आपली योजना बदलतात, असा त्याचा अर्थ. यापुढे ‘एकत्र टीम’ म्हणू.

याचा उलट प्रकार सरकारी कचेरीत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, प्रत्येक जण आपला शेरा मारतो, कोणी दुसऱ्याचा शेरा वाचत नाही. पाच तज्ज्ञांच्या सह्या असलेला केसपेपर म्हणजे टीम, असा समज रुग्णालयांतही असतो.

आणि ‘नेतृत्व’? लग्नघरातला कारभारी आठवा. तो स्वयंपाक करत नाही, मांडव बांधत नाही, मंत्र म्हणत नाही. पण मुहूर्त १२.२० चा असेल तर पंगत किती वाजता बसेल, सिलिंडर कमी पडलं तर कोणाच्या घरून येईल, आणि आचारी व मांडववाला यांचं वाजलं तर कोणाला बाजूला घ्यायचं, हे त्याला ठाऊक असतं. आरोग्यसेवेत आपण आचारी उत्तम तयार करतो. कारभारी मात्र अनुभवाने आपोआप घडेल असं धरून चालतो.

अमेरिकेत हे मुद्दाम शिकवतात, ते कसं

अमेरिकेत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विभाग पहिल्यांदा १९५१ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात सुरू झाला. तो सुरू करणारे डॉ. जे. रॉसवेल गॅलघर आधी एका निवासी शाळेचे डॉक्टर होते, त्यामुळे मुलं आजारी नसतानाही कशी असतात हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे ही वैद्यकाची उपशाखा झाली आणि तिची पहिली प्रमाणन परीक्षा १९९४ मध्ये झाली.

पण आपल्या विषयाशी जास्त जवळचा आहे तो सरकारी पैशावर चालणारा एक प्रशिक्षण कार्यक्रम: ‘लीडरशिप एज्युकेशन इन अ‍ॅडोलेसंट हेल्थ’, लघुरूप ‘लीआ’. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची सुरुवात झाली. माता-बाल आरोग्याचं केंद्रीय खातं त्याला अनुदान देतं आणि बोस्टन, इंडियाना, मिनेसोटा यांसारख्या ठिकाणच्या विद्यापीठांत व रुग्णालयांत तो चालत आला आहे. त्याचा गाभा पाच व्यवसायांचा: वैद्यक, नर्सिंग, पोषण, मानसशास्त्र आणि समाजकार्य. या पाचही शाखांचे प्रशिक्षणार्थी एकाच तुकडीत असतात. एकाच क्लिनिकमध्ये रुग्ण पाहतात, एकाच वर्गात बसतात, एकमेकांना शिकवतात.

तासांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. चाळीस तासांच्या आतलं ते अल्प मुदतीचं प्रशिक्षण, चाळीस ते २९९ तास मध्यम, आणि तीनशे किंवा जास्त तास म्हणजे दीर्घ मुदतीचं. नेतृत्व घडवण्याची खरी अपेक्षा दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणार्थींकडून असते. तीनशे तास म्हणजे आठवड्याला सहा तास धरले तर पन्नास आठवडे. आपल्याकडची तीन दिवसांची कार्यशाळा चहा-जेवण वजा जाता अठरा तासांच्या आसपास भरते. ती निरुपयोगी नसते, ओळख करून देते. पण तिच्या बॅनरवर ‘नेतृत्व विकास’ लिहिलेलं पाहिलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

शिकवतात काय? माता-बाल आरोग्यक्षेत्रासाठी तिथे बारा नेतृत्वक्षमता ठरवल्या आहेत आणि त्या तीन वर्तुळांत बसवल्या आहेत. आतलं वर्तुळ स्वतःचं: विषयाचं ज्ञान, स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव, नीतिमत्ता, पुरावा तपासून विचार करणं. मधलं वर्तुळ इतरांबरोबरचं: संवाद, वाटाघाटी आणि भांडण मिटवणं, वेगळ्या संस्कृतीतल्या कुटुंबाशी वागणं, कुटुंबाला भागीदार करणं, शिकवणं, टीम बांधणं. बाहेरचं वर्तुळ व्यवस्थेचं: समाज आणि संस्थांबरोबर काम, आणि धोरण. बारांपैकी सहा मधल्या वर्तुळात आहेत, यावरून अडचण कुठे आहे असं त्यांना वाटतं ते कळतं.

पंचेचाळीस मिनिटांची बैठक

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते केसच्या साप्ताहिक बैठकीत कळतं. चालणारी घडी साधारण अशी: पाच मिनिटं माहिती, त्यात निदानाचं नाव न घेता. मग माहिती मांडणारा सोडून उरलेल्या चौघांना प्रत्येकी पाच मिनिटं. दहा मिनिटं चर्चा. पाच मिनिटांत कोण, काय, कधीपर्यंत करणार याची नोंद. शेवटची पाच मिनिटं बैठकीबद्दलच: आज कोण बोललं नाही, आणि का?

आपली दहावीतली मुलगी अशा टीमकडे गेली आहे असं समजा. उपचार सुरू होऊन तीन आठवडे झालेत. माहिती मांडली आहारतज्ज्ञाने. आठवड्यात वजन ९०० ग्रॅम वाढलं, म्हणून ती खूश आहे, बंधनं थोडी सैल करावीत असं तिला वाटतं. मानसशास्त्रज्ञही नृत्याच्या क्लासला परत जाऊ द्यायच्या विचारात आहे. मग सिस्टर सांगते: वजनाच्या आधी लघवीची तपासणी केली, तिचं विशिष्ट गुरुत्व १.००२ आलं. म्हणजे जवळजवळ पाणीच. मुलगी काट्यावर उभं राहण्याआधी भरपूर पाणी पिऊन येते. ९०० ग्रॅम बहुतांश पाण्याचे आहेत. आडवं झोपवून मोजलेली नाडी मिनिटाला ४४.

या एका नोंदीने दोन तज्ज्ञांचे निर्णय फिरले. ती नोंद सिस्टरच्या वहीत होती, आणि सिस्टरला बोलायची पाळी आली नसती तर वहीतच राहिली असती. म्हणून अनुभवी टीममध्ये बोलायचा क्रम हुद्द्याच्या उलटा ठेवतात. मोठे डॉक्टर आधी बोलले की बाकीच्यांची वाक्यं ‘सर म्हणाले तसंच’ अशी सुरू होतात.

सिस्टरनंतर समाजकार्यकर्ती बोलते. आई-वडील दोघं नोकरीला, दुपारच्या जेवणाला घरी फक्त आजी, आणि आजीला ‘जेवले गं’ एवढं पुरतं. म्हणजे रोजचं एक जेवण कोणाच्या देखरेखीखाली नाहीच. या आजारात किशोरवयीनांसाठी जी कौटुंबिक उपचारपद्धती वापरतात तिचा पायाच आई-वडिलांनी प्रत्येक जेवण हातात घेणं हा आहे. आता हा प्रश्न औषधाचा राहिला नाही, वडिलांच्या कामाच्या वेळांचा झाला.

मग डॉक्टर: नाडी ४४ म्हणजे भरती. दिवसा पन्नासच्या खाली नाडी, हा अमेरिकेतल्या किशोरवैद्यक संघटनेच्या निकषांत रुग्णालयात दाखल करण्याचं एक कारण आहे. आणि भरती केल्यावर ‘आता पोटभर खाऊ घाला’ असं कोणी म्हणू नये. उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं, त्याची पातळी घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. पहिल्या काही दिवसांत फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम वारंवार तपासावं लागतं. हे आहारतज्ज्ञ आणि नर्स दोघींना माहीत नसेल तर प्रेमाने आणलेला डबासुद्धा धोक्याचा ठरतो.

मग प्रमुख कोण? डॉक्टर नको का?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो रास्त आहे. वरच्या बैठकीत भरतीच्या प्रश्नावर मतदान झालं नाही, होऊही नये. जिवाला धोका असेल तेव्हा ज्याच्याकडे त्या निर्णयाची पात्रता आणि कायदेशीर जबाबदारी आहे त्याचाच शब्द शेवटचा.

पण बैठक चालवणं हे वेगळं काम आहे. त्या दिवशी ती मानसशास्त्राची प्रशिक्षणार्थी चालवत असू शकते. सिस्टरला वेळ देणं, आहारतज्ज्ञाचा निर्णय चुकला तरी तिचा पाणउतारा होऊ न देणं, ‘बघू या’ वर बैठक संपू न देणं, हे तिचं काम. हे पुस्तकातून येत नाही. म्हणून चांगल्या कार्यक्रमात प्रत्येकाला आळीपाळीने बैठक चालवायला लावतात आणि नंतर कोणीतरी अनुभवी माणूस तिच्याशी बोलतो: अमक्याला तू दोनदा तोडलंस, तुझ्या लक्षात आलं का?

एकच प्रश्न चौघांनी विचारू नये

किशोरवयीनांची विचारपूस करण्याची एक ठरलेली चौकट जगभर वापरतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘हेड्स’ म्हणतात: घर, शाळा, खाणं, छंद-मित्र, व्यसनं, लैंगिकता, निराशा व आत्महत्येचे विचार, सुरक्षितता. सोप्यापासून अवघडाकडे जाणारा क्रम आहे, आणि तोच तिचा जीव आहे. ‘घरी कोण कोण असतं?’ ने सुरुवात होते, ‘जगणं नको वाटतं का?’ शेवटाकडे येतं. पालकांना काही वेळ बाहेर बसवून विचारायचं असतं.

टीम नवखी असली की डॉक्टर हे विचारतो, मग समुपदेशक तेच विचारतो, मग समाजसेवक. तिसऱ्या वेळी मुलगी ‘सगळं ठीक आहे’ म्हणते आणि ती नोंद कागदावर राहते. जिच्याशी ती मोकळी बोलते तिने एकदा विचारायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं, एवढी शिस्त बसवायलाही आठवडे जातात.

पण मग गुपित किती जणांत?

पाच जणांनी वाचायचं तर गुप्तता कसली, असं कोणी विचारेल. टीममध्ये सांगायचं ते ‘कामापुरतं’. आहारतज्ज्ञाला मुलीच्या मित्राचं नाव कळण्याची गरज नसते.

आणि काही गोष्टी गुप्त ठेवताच येत नाहीत. आपल्याकडे पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात थोडी मोकळीक दिली: तिने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. टीममधल्या एकाला हे माहीत आणि बाकीच्यांना नाही, अशी स्थिती सर्वांत वाईट. मग एक जण मुलीला ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन बसतो आणि दुसऱ्याला ते मोडावं लागतं. मर्यादा पहिल्या पाच मिनिटांत, प्रश्न सुरू करण्याआधी सांगायच्या: जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला पुढे बोलावं लागेल.

आपल्याकडे माणसंच कुठे आहेत?

बोस्टनसारखे पाच तज्ज्ञ तालुक्याला मिळणार नाहीत, हे खरं. पण नुसत्या कागदावर पाहिलं तर आपल्याकडे माणसं बरीच आहेत. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा व इजा, व्यसनं आणि असंसर्गजन्य आजार असे त्याचे सहा विषय. महाराष्ट्रात त्याची क्लिनिकं ‘मैत्री’ नावाने चालतात. गावात ‘साथिया’ म्हणजे समवयस्क शिक्षक: हजार लोकसंख्येमागे दोन मुलं, दोन मुली. २०२० पासून शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायची योजना आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो.

मग अडतं कुठे? लोहाची निळी गोळी घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. उपाय साधा आहे: आठवड्यातून एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. डॉक्टरला डोस माहीत आहे, गोळ्या शाळेत पोचल्या आहेत. एका सोमवारी दोन मुलींनी उपाशीपोटी गोळी घेतली, मळमळलं, एकीला उलटी झाली. दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गोळीने मुली आजारी’. संध्याकाळी पालक शाळेत. मंगळवारपासून गोळ्या कपाटात, आणि रजिस्टरमध्ये मात्र दर आठवड्याला ‘वाटप पूर्ण’.

वैद्यकीय दृष्टीने यात काही अवघड नाही. गोळी जेवणानंतर द्यायची, चहाबरोबर नाही, शौचाला काळं होतं हे आधीच सांगायचं. अवघड आहे ते हे: पहिल्या उलटीनंतर दोन तासांत शाळेत कोण जाणार? मुख्याध्यापकांशी कोण बोलणार, आशाताई कोणत्या घरी जाणार, आणि ‘वाटप पूर्ण’ खोटं आहे हे वर कोण, कसं सांगणार की शिक्षकाची नोकरी धोक्यात येणार नाही? वैद्यकीय अधिकारी, समुपदेशक, सिस्टर, आशा आणि आरोग्यदूत शिक्षक यांनी महिन्यातून एकदा चाळीस मिनिटं एकाच केसवर बसायची सवय लावली असेल, तर त्या सोमवारी फोन कोणी कोणाला करायचा हे ठरलेलं असतं. त्यासाठी नवीन पद मंजूर करून घ्यावं लागत नाही.

फसतं कुठे

ठरावीक जागी फसतं. वर्गात सगळे एकत्र बसतात, पण क्लिनिक वेगवेगळं. मग शिकलेलं वापरायची वेळच येत नाही. किंवा एका विभागातून एकच माणूस पाठवतात. तो उत्साहाने परत येतो, उलट क्रमाने बोलायचं म्हणतो, आणि विभागप्रमुख हसतात. म्हणून दोन किंवा तीन वेगवेगळ्या हुद्द्यांची माणसं एकाच संस्थेतून एकत्र पाठवणं जास्त टिकतं. बदली हा आपला खास रोग: तयार झालेला समुपदेशक अकरा महिन्यांच्या करारावर असतो. बैठकीची घडी लेखी ठेवली असेल तर निदान तेवढी तरी मागे उरते.

मोजणी हीसुद्धा फसण्याची जागा. ‘अमुक इतके प्रशिक्षित’ हा आकडा अहवालात छान दिसतो. अमेरिकेतल्या कार्यक्रमात प्रशिक्षणार्थी बाहेर पडल्यावर काही वर्षांनी त्याला पुन्हा विचारतात: इतर शाखांच्या लोकांबरोबर काम करतोस का, कोणाला शिकवतोस का, धोरणाच्या कामात भाग घेतलास का? आपल्या संस्थेने असं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं असेल तर देणाऱ्याला आधी एवढंच विचारून पाहावं: एकूण तास किती, त्यातले रुग्णांसमोरचे किती, तुकडीत कोणकोणत्या शाखांचे लोक असतील, बैठक चालवण्याची पाळी प्रत्येकाला किती वेळा येईल, आणि दोन वर्षांनी फोन कोण करणार?